ओढून आणलेला सभापती

हेडली ब्लॅगडनला खुर्चीकडे ओढत नेलं तेव्हा सगळं सभागृह हसत होतं. एका दंडाला मुख्यमंत्री व्हेरा पिटमन, दुसऱ्या दंडाला विरोधी पक्षनेते, आणि मधे हा साठीचा आडदांड गडी, टाचा गालिच्यात रोवून, बाकाची कड घट्ट धरून. "मला नको आहे हो, सोडा मला," असं तो खरोखर ओरडत होता. प्रेक्षकांच्या सज्जात लोक टाळ्या पिटत होते. असला झकास नमुना गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता म्हणे.

आता यात हसण्यासारखं काय, तर आमच्याकडची रीत. जुन्या काळी, समुद्रापलीकडे, सभागृहाचं म्हणणं राजाच्या तोंडावर जाऊन सांगायचं काम सभापतीचं होतं, आणि ते ऐकून राजाचं पित्त खवळलं की मान उडायची ती सभापतीची. मग आपण होऊन त्या खुर्चीत बसणार कोण? धरूनच बसवावं लागे. राजा आता कुणाच्या केसालाही धक्का लावत नाही. तो नाण्यांवर असतो, शाळांच्या भिंतींवर असतो, आणि वर्षातून एकदा त्याच्या वतीने राज्यपाल येऊन भाषण वाचून जातात. पण रीत मात्र राहिली. निवड झालेल्या माणसाने "माझ्याहून लायक माणसं इथे आहेत" म्हणायचं, आढेवेढे घ्यायचे, जरासं मागे सरायचं, आणि दोघांनी त्याला धरून खुर्चीत नेऊन बसवायचं.

हेडलीचं दुर्दैव एवढंच, की तो मॉक्सन बेटाचा. आमच्या बेटावर चारचौघांत कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. चहा नको असला तर "राहू द्या, तुम्हालाच पुरायचा नाही" म्हणतात. स्थळ पसंत नसलं तर "आमची पोरगी तुमच्या घराला शोभायची नाही" म्हणतात. ऐकणाऱ्याला कळतं, विषय तिथेच मिटतो, कुणाचं मन दुखावत नाही. त्या सकाळी सभागृहात एकेकाचं नाव पुढे आलं आणि एकेकाने सरळ कानावर हात ठेवले. ठेवणारच. सरकारचे वीस, विरोधकांचे एकोणीस आणि हेडली एकटा अपक्ष. जो सभापती होणार त्याचं मत गेलं, मग आपला माणूस घालवायचा कुणी? शेवटी हेडलीचं नाव आलं. तो उठला आणि बेटावरच्या पद्धतीने, अगदी स्वच्छ नकार देत म्हणाला, "माझ्यापेक्षा बरी माणसं पडली आहेत की इथे." झालं. रीतीचं वाक्य जसंच्या तसं निघालं होतं. दोन्हीकडची बाकं वाजली आणि लोक त्याला धरायला उठले.

सभागृहाच्या सचिव, प्राउझबाई, त्याच्या अंगावर काळा झगा चढवताना कौतुकाने म्हणाल्या, की आपण फारच छान केलंत. हेडली म्हणाला, "बाई, मी नाटक करत नव्हतो." प्राउझबाईंचा चेहरा पडला. त्यांनी त्याला हलक्या आवाजात समजावलं, की आता हे सगळं उलटं फिरवायचं म्हणजे पुन्हा निवड, पुन्हा तेच नकार, आणि सभापती नसला तर सभागृहाला एक वाक्यही बोलता येत नाही. राज्यपाल शेजारच्या दालनात भाषण हातात घेऊन ताटकळले होते. व्हेराबाई खाली वाकून त्याच्या कानात म्हणाल्या, की तुझी बोट कुठे जात नाही, माझा शब्द आहे. मग तो गप्प बसला. मोठ्या बायकांनी दोन्ही बाजूंनी समजूत घातली की हेडलीचं लहानपणापासून असंच व्हायचं.

बोटीचं काय, ते सांगायला हवं, कारण हा माणूस राजधानीत आला तो तेवढ्यासाठीच. मॉक्सन बेटाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच बोट. उन्हाळ्यात तिच्यावाचून चालतं, ज्याची त्याची होडी असते. पण डिसेंबरात खाडी गोठायला लागली की बर्फ फोडून येणारी ती एकटीच. पीठ तीच आणते, औषधं तीच आणते, बाळंतीण तीच नेते. हेडलीने त्या बोटीवर तिकिटं फाडण्यात आणि दोर सोडण्यात जन्म घालवला होता. हिवाळ्यात ती बंद करायची कुजबुज सुरू झाली तेव्हा धक्क्यावर उभं राहून तो असा काही बोलला, की सरकारी माणूस आल्या बोटीने परत गेला. बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हताच. बोट लागेपर्यंत उतारूंना तो इतकं हसवायचा, की उलट्या व्हायच्या थांबत. मग त्याची थोरली बहीण डल्सी म्हणाली, हे तोंड आपण राजधानीला पाठवू. डल्सीने ठरवलं म्हणजे ठरलं. आईच्या माघारी हेडलीला तिनेच वाढवलेलं, स्वतः लग्न केलं नाही. गुडघे कुरकुरत असताना ती बर्फातून घरोघर फिरली आणि एका माणसाला, कुठल्याही पक्षाशिवाय, तिने निवडून आणलं.

आणि त्या तोंडाला कुलूप लागलं. सभापतीने वादात पडायचं नाही. सभापतीला मत नाही. सभापतीने उपाहारगृहात सभासदांबरोबर जेवायचंसुद्धा नाही, उगाच कुणाला वाटायला नको की याचा ओढा तिकडे आहे. हेडली आपल्या दालनात एकटा बसून खारवलेल्या माशाच्या वड्या खायचा आणि खालून येणारे हसण्याचे आवाज ऐकायचा. बेटावरून आलेला बोटीचा अर्जसुद्धा त्याला सादर करता येईना, तो दुसऱ्याच एका सभासदाने वाचला, आणि बेटाचं नाव चुकीचं उच्चारलं. हेडलीला रडू यायचं बाकी राहिलं होतं. त्याने हातोडी आपटली आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

दर रविवारी डल्सीचा फोन यायचा. सभागृहाचं कामकाज टीव्हीवर दाखवतात, ती रोज बघायची. झगा तुला आखूड होतो म्हणायची. त्या लाल चेहऱ्याच्या माणसाला जास्त वेळ देतोस म्हणायची. आणि फोन ठेवताना न चुकता विचारायची, "तुझी पाळी कधी येते रे बोलायची?" येईल म्हणायचा तो. खुर्चीतल्या माणसाची पाळी येतच नाही, हे तिला सांगायची त्याची छाती झाली नाही.

जानेवारीत सरकार पक्षाचे गारलंड फज, सभागृहातले सगळ्यात म्हातारे सभासद, स्वतःच्या घराच्या पायरीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. आता दोन्हीकडे एकोणीस. म्हणजे प्रत्येक अटीतटीचं मत समसमान, आणि मत समसमान झालं की निर्णय एकट्या सभापतीचा. इतके दिवस ज्याला तोंड उघडायची बंदी होती त्याच्या डोक्यावर आता सगळ्याचं ओझं आलं.

पहिला प्रसंग मार्चमध्ये आला. फिलोमिना रॉइल नावाच्या विरोधी बाकावरच्या सभासद होत्या. त्यांच्या गावचा दवाखाना बंद करायचं कलम सरकारच्या, एरवी दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या विधेयकात होतं, ते गाळावं अशी दुरुस्ती त्यांनी आणली. दुरुस्तीच्या बाजूने एकोणीस, विरुद्ध एकोणीस. प्राउझबाईंनी हेडलीला आदल्या दिवशीच नियम समजावून ठेवला होता. मत समान पडलं, की सभापतीने स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवायची आणि समोरचा कागद जसा आहे तसा राहू द्यायचा. जे बदलायला सभागृहाला बहुमत मिळालं नाही, ते एकट्या सभापतीने बदलायचं नाही. हेडलीला ते पटलं होतं. तो उभा राहिला, चार सुटसुटीत वाक्यांत कारण दिलं आणि दुरुस्तीच्या विरुद्ध मत टाकलं. फिलोमिनाबाई बसल्या जागी हातमोजे घालायला लागल्या, बाहेर थंडी आहे म्हणून नव्हे, हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून. नंतर त्या त्याच्या दालनात आल्या आणि म्हणाल्या, की तुमच्या मनात काय होतं तेवढं तरी सांगा. हेडली म्हणाला, "रॉइलबाई, माझ्या मनाला इथे खुर्ची नाही. उद्या माझ्या बोटीचा प्रश्न आला तरी मी हेच करीन."

बोलायला काय जातं! कित्येक महिन्यांनी त्याला एक टाळीचं वाक्य सुचलं होतं आणि ते त्याने टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ते छापलं. निःपक्षपाती सभापती, असा सभापती झाला नाही, वगैरे वगैरे. खरं सांगायचं तर हेडलीला त्या दिवशी बरं वाटलं. खुर्ची पहिल्यांदाच अंगाला बसल्यासारखी वाटली. मूर्ख माणूस, दुसरं काय.

मेमध्ये किनारी वाहतुकीचं विधेयक आलं, आणि त्याच्या पोटात सातवं कलम निघालं: लहान बेटांची हिवाळी बोट बंद. हेडलीने ते खुर्चीत बसूनच ऐकलं. कामकाज संपलं आणि तो तडक व्हेराबाईंकडे गेला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, की बोट बंद कुठे होतेय, हिवाळ्यापुरती थांबतेय. आणि खरं म्हणजे सभापतींनी एका विधेयकाबद्दल मुख्यमंत्र्यांशी असं बोलणं शोभतं का, तुम्हीच सांगा. त्या बाईने शब्द मोडला आणि वर शहाणपणही शिकवलं. हेडलीला पाय आपटावेसे वाटले. पण आपटायचे कुठे, त्या इमारतीत सगळीकडे गालिचे.

बाकीचं विधेयक विरोधकांनाही हवं होतं, म्हणून त्यांनी फक्त सातवं कलम गाळायची दुरुस्ती आणली. आणली म्हणजे फिलोमिना रॉइल यांनीच आणली.

हेडलीने प्राउझबाईंना गाठलं. तो म्हणाला, की जे आहे ते तसंच राहू द्यायचं, हाच नियम ना? मग आज काय आहे? आज बोट आहे. बोट राहू द्या म्हणणारी दुरुस्ती मी मान्य केली तर नियम पाळलाच की. बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर दुःख होतं, त्यांना दोष देता येणार नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, दवाखानाही होताच. 'आहे ते' म्हणजे गावात आहे ते नव्हे, सभागृहासमोर विधेयकात लिहिलेलं आहे ते. मार्चमध्ये आपण असंच केलं."

मग हेडलीने राजीनाम्याचं विचारलं. खाली उतरतो, पुन्हा साधा सभासद होतो, बोलतो, मत देतो. बाईंनी तेही उलगडून दाखवलं. तुम्ही उतरलात की नवा सभापती हवा. सरकार आपला माणूस देणार नाही, विरोधक देणार नाहीत. खुर्ची रिकामी म्हणजे सभागृह बंद, आणि सभागृह बंद म्हणजे तुमची दुरुस्तीही बंद. जूनमध्ये फजसाहेब काठी टेकत येतील, व्हेराबाईंच्या हातात पुन्हा वीस मतं पडतील, मग त्या विरोधकांतला एखादा निवांत फोडून खुर्चीत बसवतील आणि पाहिजे ते करून घेतील. हेडली खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली बंदरात एक मालवाहू जहाज दोर सोडत होतं. दोर सोडणारा माणूस चुकीच्या बाजूला उभा होता, आणि त्याला तेवढंसुद्धा वरून सांगता येत नव्हतं.

"नियम मोडला तर?" त्याने शेवटी विचारलं.

"मत तुमचं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. कायद्यात तसं काहीच नाही."

हे ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रविवारी डल्सीने झग्याचा विषय काढला नाही. तिने सांगितलं, की मंगळवारी सगळं बेट चर्चच्या सभागृहात जमणार आहे, मोठा टीव्ही लावणार आहेत, ती केक करणार आहे. मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे मंगळवारी तुझी पाळी आली म्हणायची." हेडली हो म्हणाला. खोटं नव्हतं ते.

मंगळवारी चर्चा झाली. कोण कोण काय काय बोललं! ज्यांनी आयुष्यात मॉक्सन बेट पाहिलं नाही ते त्याच्यासाठी गळे काढत होते, आणि ज्यांच्या स्वतःच्या बेटांना बोटी होत्या ते खर्चाचे हिशेब मांडत होते. प्रत्येकाच्या बोलण्यातल्या चुका हेडलीला दिसत होत्या. बर्फ कुठल्या बाजूने चढतो, म्हाताऱ्या माणसाला झोळीतून बोटीवर कसं चढवतात, हे सांगणारा त्या सभागृहात एकच माणूस होता आणि तो हातोडी धरून बसला होता. त्याने जीभ दातांखाली दाबून धरली. एकदा तर रक्ताची चव आली.

मतं मोजली. बाजूने एकोणीस, विरुद्ध एकोणीस.

व्हेराबाई कागद चाळत होत्या, आपला संबंधच नाही अशा. हेडली उभा राहिला. त्याने ठरवलं होतं, की दुरुस्तीच्या बाजूने मत द्यायचं. हो, ठरवलं होतं, रात्रभर घोकलं होतं. गेला तो झगा चुलीत. वर्तमानपत्रं काय म्हणायचं ते म्हणोत. चर्चच्या सभागृहात डल्सी केकवरचं फडकं काढत असेल, हे त्याला दिसत होतं. आणि मग त्याची नजर फिलोमिना रॉइलबाईंवर गेली. त्या त्याच्या बोटीच्या बाजूने मत देऊन बसल्या होत्या. त्यांच्या गावच्या दवाखान्याला फळ्या ठोकल्या होत्या, आणि त्या फळ्या याने ठोकल्या होत्या. त्या रागाने बघत नव्हत्या. विनवतही नव्हत्या. याला सुटायला एक वाट आहे आणि ती आपल्या अंगावरून जाते, हे त्यांना कळलं होतं, आणि त्या नुसत्या बघत होत्या.

तिच्या गावाला एक न्याय आणि माझ्या गावाला दुसरा? असं झालं तर मी धक्क्यावरच्या त्या सरकारी माणसाहून वेगळा कसा? हेडलीला हे सगळं एका श्वासात वाटून गेलं. त्याला त्या बाईचा राग आला, प्राउझबाईंचा आला, आपल्या स्वतःच्या टाळीच्या वाक्याचा तर इतका आला की जीभ छाटावीशी वाटली.

"मार्चमध्ये रॉइलबाईंच्या दुरुस्तीच्या वेळी जे कारण दिलं," तो म्हणाला, "तेच आज आहे. त्यात मी काही भर घालत नाही. सभापतीचं मत दुरुस्तीच्या विरुद्ध."

आवाज चिरकू दिला नाही. तेवढी एक गोष्ट त्याने सांभाळली.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. जूनच्या मध्यावर अधिवेशन संपलं आणि हेडली बोटीने बेटावर गेला. बोटीवरच्या पोरांनी त्याचं सामान उचललं, त्याला तिकीट लावलं नाही, वरच्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. तो म्हणाला, मी खाली दोराजवळच उभा राहतो. ते म्हणाले, नको, साहेब, वारा आहे. साहेब! याच पोरांना त्याने गाठी मारायला शिकवलं होतं, चुकल्यावर टपल्या मारल्या होत्या.

आमच्याकडे घरात शिरायचं ते मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून, न ठोठावता. पुढचं दार पाद्र्यासाठी, डॉक्टरसाठी आणि शवपेटीसाठी. हेडली सवयीने डल्सीच्या मागच्या दाराशी गेला. दाराला आतून कडी होती. त्या दाराला कडी आहे हेच त्याला आजवर माहीत नव्हतं. तो बॅग घेऊन घराला वळसा घालून पुढे आला. पुढचं दार उघडंच होतं, आणि डल्सी चांगला झगा घालून, केस विंचरून उंबऱ्यात उभी होती.

तिने त्याला बैठकीच्या खोलीत बसवलं, आईच्या काचेच्या कपात चहा दिला, डब्यातलं दूध नव्हे, ताजं दूध घालून. प्रवास कसा झाला, विचारलं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात सगळे जमलेले होते, बोलण्याचे, बशांचे आवाज येत होते, कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि बाकीचे हसत होते. हेडलीला राहवलं नाही. त्याने कप ठेवला आणि मधलं दार उघडलं. आवाज बंद झाले. टेबलाभोवतीचे, चुलीजवळचे, खिडकीत टेकलेले, सगळेच्या सगळे उठून उभे राहिले. टीव्हीवर बघितलं होतं त्यांनी. सभापती आत आले की उभं राहतात.

कुचेष्टा असती तर त्याने शिवी घालून परतवली असती. कुचेष्टा नव्हती. ती माणसं खरोखर त्याला मान देत होती.

"बसा की रे," तो म्हणाला. ते बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले.

डल्सी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "तू वाईट केलंस असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "त्या रॉइलबाईंचं मीही बघितलं होतं टीव्हीवर. त्यांच्या जागी मी असते, तर तू बोटीला मत दिल्यावर मी तुझं तोंड पाहिलं नसतं. तेव्हा ते झालं ते झालं. पण मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, हेडली. मी हिवाळ्यात गेले, तर तुला कळवायचं नाही. बर्फ फुटला की मग कळवायचं."

"का असं?"

"तू पलीकडच्या धक्क्यावर येऊन उभा राहशील म्हणून. तुला मी ओळखते ना. बोट नाही, काही नाही, आणि तू उभा राहशील तिथे दिवसच्या दिवस."

हेडलीला बोलायचं होतं. इथे हातोडी नव्हती, पाळी नव्हती, मतमोजणी नव्हती, आणि सगळं स्वयंपाकघर त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याने दोनदा तोंड उघडलं. मग तो चुलीजवळच्या बाकावर बसला, आणि डल्सीने त्याला ताटात वाढून दिलं.